मिशाळ माशांची फरशी

माझ्या भावोजींसमोर ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण वापरायची सोय नाही. एकदा मी वापरली होती. समोरच्या घरातल्या बाईचा केक फुगला नाही आणि तिनं सगळा दोष ओव्हनवर ढकलला, असं मी ताईला रंगवून सांगत होते. शेवटी मी ती म्हण टाकली. भावोजी पेपर वाचत होते. डोकं वर न काढता म्हणाले, “अंगण मोजलं होतं का कुणी?”

“कसलं अंगण?”

“म्हणीतलं. खरंच वाकडं असेल ते. अर्धी अंगणं वाकडीच असतात. त्या नाचणारीला उगाच बदनाम करून ठेवलंय लोकांनी.”

ते विनोद करत नव्हते. भावोजींनी उभा जन्म लोकांच्या फरशा बसवण्यात घालवला. दवाखान्यांच्या, शाळांच्या, बँकांच्या, एका मोठ्या हॉटेलच्या. कामावरची माणसं त्यांना ‘ओळंबा’ म्हणायची. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला जो लोखंडी गोळा बांधून सोडतात, तो ओळंबा. तो बोलत नाही, भांडत नाही, नुसता लटकतो आणि समोरच्याची चूक दाखवतो. हे नाव ज्यानं ठेवलं त्या माणसाला मी कधी भेटले नाही, पण भेटला तर त्याला एक शर्ट फुकट शिवून देईन.

मी कपडे शिवते. माझं दुकान तळमजल्यावर आणि त्याच्या वर ताई-भावोजींचं घर. दुकानात माझ्या पायाखाली फरशी आहे, असं ऐकून आहे. मी स्वतः ती पाहिलेली नाही. तिच्यावर चिंध्या, दोरे, खडूचे तुकडे, अस्तराच्या पट्ट्या असा सगळा संसार पसरलेला असतो. त्यामुळे भावोजी दुकानात पाऊल टाकत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलतात आणि बोलताना नजर वरच्या पंख्याकडे ठेवतात.

त्यांचं घर याच्या अगदी उलट. हॉलमध्ये अशी फरशी, की वाकून बघितलं तर आपण सकाळी केस नीट विंचरले नव्हते हे कळतं. तिच्यावर चार खुर्च्या, एक टेबल आणि बाकी काही म्हणजे काही नाही. पिशवी खुंटीला, चपला कपाटात, पेपर वाचून झाला की रद्दीत. भावोजींचे गुडघे मात्र या फरशांनीच खाल्ले. वर्षानुवर्षं ओणवं राहून आणि रांगून काम केलं, आता ते खुर्चीवरच बसतात. काही पुसायला खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. एका बाजूनं ताई आणि दुसऱ्या बाजूनं, शिवण टाकून जिना चढून आलेली मी.

माझी भाची या घरात वाढली. म्हणजे झोपायला या घरात आणि वाढायला माझ्या कापायच्या टेबलाखाली. भावोजी तिला कधी रागावले नाहीत, हात उगारणं तर दूरच. ते फक्त उचलायचे. पोरगी ठोकळ्यांचा अर्धा किल्ला टाकून पाणी प्यायला गेली, की परत येईपर्यंत ठोकळे डब्यात आणि डबा कपाटात. चित्र काढता काढता शी करायला गेली, की खडू रांगेत लावलेले. हळूहळू ती आपलं चंबूगबाळं घेऊन खाली माझ्याकडे यायला लागली. मोठी झाल्यावर एकदा माझ्या चिंध्यांत फतकल मारून बसली होती, तेव्हा म्हणाली, “मावशी, वरती उभं राहायला जागा आहे गं, पसरायला नाही.” मी ते ताईच्या कानावर घातलं. ताईनं ते मनात ठेवलं. भावोजींना कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? ओळंब्याला तो वाकडा आहे असं कसं सांगायचं?

गेल्या वर्षी ही भाची रक्त-लघवी तपासायचं काम शिकायला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात निघाली. जायच्या आधी एक काचेची टाकी घेऊन आली. तिची मैत्रीण गाव सोडून चालली होती, तिनं ही टाकी हिच्या गळ्यात मारली. टाकीत बोटभर लांबीचे, तपकिरी ठिपक्यांचे मासे होते. दुकानवाले त्यांना ‘कोरी’ म्हणतात. हे मासे वर पोहत नाहीत, तळाशीच वावरतात, आणि त्यांच्या ओठांना चक्क मिशा असतात. त्या मिशांनी चाचपडत ते तळात खाणं शोधतात. टाकीच्या तळाला लाल-निळी खडी होती, कंगोरेदार. एकदोघांच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले होते.

“बाबा, यांचा तळ बदलायला हवा,” भाची म्हणाली. “मला वेळ नाही झाला. काय घालायचं ते तुम्हीच निवडा ना. तुम्हाला कळतं त्यातलं.”

मी तिथंच होते, म्हणून सांगते. भावोजींचा चेहरा लग्नातसुद्धा इतका खुलला नव्हता, आणि लग्नात मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना फरशीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि पोरीनं आजवर त्यांना फरशीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

जाता जाता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. शिकून झाल्यावर तिकडचा दवाखाना तिला ठेवून घ्यायला तयार होता, आणि इथल्या एका लॅबनंही बोलावलं होतं. “सुट्टीला येईन तेव्हा ठरवते,” ती म्हणाली. भावोजी म्हणाले, “बरं.” एवढंच. पण संध्याकाळी माझ्या उंबऱ्याशी येऊन, पंख्याकडे बघत म्हणाले, “मेव्हणीबाई, हे मासे नीट राहिले पाहिजेत.”

“का हो? एवढा लळा कधी लागला?”

“तसं नाही. नीट राहिले तर तिला यावंसं वाटेल.” आणि मी काही बोलायच्या आत जिन्यानं वर गेले. पोरगी परत यावी असं वाटणाऱ्या बापानं ‘ये’ म्हणायचं सोडून माशांना कामाला लावलं होतं. मला हसूही आलं आणि त्यांची दयाही आली.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मासे त्यांच्याच पाण्यासकट बादलीत गेले, खडी कचऱ्यात गेली. भावोजींनी जपून ठेवलेल्या शिलकी मालातून एक काळी, आरशासारखी टाइल काढली. त्या मोठ्या हॉटेलच्या दारातली होती म्हणे. ती टाकीच्या मापानं अशी कापली, की कडेला नखही जाणार नाही. वर तिला एका कोपऱ्याकडे ढाळ दिला. ढाळ म्हणजे मोरीच्या फरशीला असतो तो बारीकसा उतार, पाणी वाहून जायला.

“भावोजी, टाकीतलं पाणी वाहून कुठे जाणार आहे?” मी विचारलं.

“घाण कोपऱ्यात जमेल. नळीनं ओढून घ्यायची. या माशांना अशी सोय कुठल्या नदीत मिळाली असती?”

मासे सोडले. ते तळाशी गेले, आणि तळातून तितकेच मासे त्यांच्याकडे वर आले. आरशातले ते भाऊबंद बघून सगळे जे उधळले, ते पाणी खेळवणाऱ्या मोटरच्या मागे एकावर एक दाटीवाटीनं जाऊन बसले. तिथून हलायला तयार नाहीत. खाणं घसरत घसरत ढाळाच्या कोपऱ्यात जायचं आणि तिथंच कुजायचं. थोडे दिवस भावोजींनी ‘सवय होईल’ म्हणून काढले. मग त्यांना ते लागलं. “बँकेचा मॅनेजर माझ्या फरशीवरून बूट काढून चालला होता,” ते ताईला म्हणाले. “आणि हे बोटभर मासे नाक मुरडतात!”

शेवटी मीच त्यांना माशांच्या दुकानात घेऊन गेले. ते दुकान एक बाई चालवते. चारी भिंतींना टाक्या, मध्ये ती, एका हातात जाळी. बोलताना ती आपल्याकडे बघत नाही, टाक्यांकडे बघते.

“तळाला काय घातलंय?” तिनं विचारलं.

“पॉलिशची टाइल. एक नंबर माल.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? स्वच्छ राहते.”

“ती तुमच्यासाठी स्वच्छ. हे मासे जगतात कसे माहितीये का? दिवसभर खाली नाक खुपसून.”

“आमच्या मेव्हणीसारखे,” भावोजी म्हणाले. मी ऐकून सोडून दिलं.

“वाळू घाला,” बाई म्हणाली. “बारीक, गोल दाण्याची. व्हिनेगरचे थेंब टाकून बघायचे, फसफसली तर घ्यायची नाही, पाणी बिघडवते. आणि दोन बोटं जाड, जास्त नको, खाली सडते.”

भावोजींनी तिच्याकडे दयेनं बघितलं. “बाई, वाळू फरशीच्या खाली घालतात. ती दिसू नये म्हणून तर वर फरशी बसवतात.”

“तुमच्यात घालत असतील. यांच्यात वाळू हीच फरशी.”

तिनं फळीवरची एक पिशवी दाखवली. पिशवीवर हसऱ्या माशाचं चित्र होतं. भावोजींना ते चित्र बघूनच राग आला. बाहेर आल्यावर म्हणाले, “मी आयुष्यभर वाळूत हात घातलेला माणूस, आणि मला ही पिशवीतली वाळू विकते!”

मग ओळंब्याची वाळूमोहीम निघाली. जुन्या ओळखीच्या कामांवरून डबे भरभरून वाळू आली. नदीची आली, दगड दळून करतात ती आली, कुणीतरी समुद्रावरून आणलेली पांढरी शुभ्रही आली. ताईच्या गॅलरीत डब्यांची रांग लागली. रांग अर्थातच दोरी लावून सरळ केलेली. पांढरी वाळू व्हिनेगर टाकल्यावर सोडावॉटरसारखी फसफसली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. बाकीच्यांतून भावोजींनी नदीची एक जाडसर निवडली, मूठभर घेऊन माझ्या दाराशी आले आणि माझ्या कानाजवळ मूठ आवळली. “ऐका, कशी कुरकुरते! याला म्हणतात वाळू.”

“कुरकुरते म्हणजे चांगली?”

“म्हणजे काय! दाण्याला टोकं आहेत. सिमेंटला असा धरून ठेवतो, की पन्नास वर्षं हलायचं नाव नको.”

“पण भावोजी,” मी म्हटलं, “माशांना कुठे धरून ठेवायचंय?”

भावोजींनी मूठ उघडली आणि बराच वेळ त्या वाळूकडे बघत राहिले. त्यांना जी वाळू चांगली म्हणून ठाऊक होती, ती तिच्या चांगुलपणामुळेच इथे वाईट होती. या वयात माणसाला अशी बातमी देऊ नये, पण माझी जीभ माझं ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वरून ताईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. मी कात्री हातात घेऊनच जिना चढले. हॉलच्या मधोमध भावोजी पालथे पडले होते आणि त्यांचं तोंड वाळूच्या घमेल्यात होतं. ताई भिंतीला टेकून उभी होती.

“अहो, काय झालं?”

घमेल्यातून आवाज आला, “काही नाही. टोचते का बघतोय.”

खरं सांगायचं तर भावोजींना मिशी आहे, आणि चांगली भरघोस आहे. माशांच्या दोन मिशांचं दुःख कळायला घरात त्यांच्याइतका लायक माणूस नव्हता. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. नाक लाल झालं होतं, मिशीतून वाळू गळत होती आणि ती त्या चकचकीत फरशीवर पडत होती. ताई हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. “टोचते,” भावोजींनी निकाल दिला. “सगळ्याच टोचतात.”

नाक झिजवण्यापेक्षा बरं म्हणून मी त्यांना सॅटिनच्या अस्तराचे तुकडे आणून दिले. सॅटिन फार नाजूक. नखाचा कंगोरा लागला तरी धागा ओढला जातो. वाळू सॅटिनच्या तुकड्यात बांधायची आणि चोळायची. दळलेल्या दगडाच्या वाळूनं त्याच्या चिंध्या केल्या. कुरकुरणाऱ्या वाळूनं धागेच धागे काढले. नदीची बारीक चाळून बघितली, तीही पास झाली नाही. मग मी गुपचूप जाऊन हसऱ्या माशाची पिशवी आणली आणि तिच्यातली मूठभर सॅटिनमध्ये बांधून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चोळली, पुन्हा चोळली, उजेडात धरून बघितलं. सॅटिन जसंच्या तसं होतं.

“ही कुठली?”

“काखेत कळसा,” मी म्हटलं, “आणि गावाला वळसा.”

भावोजींनी पिशवी बघितली आणि त्या चित्रातल्या माशाकडे पाठ करून बसले. पण उरलेल्या पिशव्या आणायला स्वतः गेले. दुकानातल्या बाईनं त्या ज्या सहजतेनं काढून दिल्या, त्यावरून असे भावोजी तिच्याकडे नेहमीच येत असावेत.

वाळू बादलीत धुतली. पाणी निवळशंख होईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली. टाइल निघाली, दोन बोटं वाळू पसरली. मग भावोजींनी पाणसळ काढली. ती पिवळी पट्टी, जिच्या काचेच्या नळीत बुडबुडा मधोमध आला की समजायचं जमीन सपाट आहे. थापीनं वाळू अशी सारखी केली, की बुडबुडा मध्यावरून हलेना. हळूहळू पाणी भरलं आणि मासे सोडले.

मासे खाली आले. एकानं मिशा वाळूला लावल्या, क्षणभर थांबला, आणि मग डोळ्यांपर्यंत नाक आत खुपसलं. तोंडात वाळू घेतली आणि गालांमागून भुरभुर सोडून दिली. त्याचं बघून बाकीचेही लागले. भावोजी मोठ्यानं हसले. ताईनं माझ्याकडे बघितलं, कारण हा आवाज घरात नवा होता.

हे सुख रात्रभर टिकलं. सकाळी भावोजी टाकीपाशी गेले तर तळाला खड्डे, टेकड्या, एका कोपऱ्यात काच उघडी पडलेली. माशांनी मनमुराद उकरलं होतं. भावोजींनी लांब काठीला चमचा बांधला आणि सगळं सपाट केलं. दुसऱ्या सकाळी परत तेच. जित्याची खोड, मी कुणाची म्हणतेय ते तुम्ही ठरवा. उठलं की चहाच्या आधी टाकीत चमचा. चमचा आत गेला की मासे सैरावैरा पळायचे, पाणी गढूळ व्हायचं, आणि मग दिवसभर ते मोटरच्या मागे दाटून बसायचे. उकरायचंही त्यांनी सोडलं. खाणं उरायला लागलं. मिशांचे खुंट होते तसेच राहिले. आणि भाचीची सुट्टी जवळ आली होती.

“मोटर खराब आहे,” भावोजी म्हणाले.

“अंगण वाकडं,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं वाक्य गिळलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी वर पडद्यांचं माप घ्यायला गेले होते. भावोजी टाकीशी, बाही वर केलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात. ताई भाजी निवडत बसली होती. माझी ताई फार बोलत नाही. आमच्या दोघींच्या वाटची जीभ देवानं एकीलाच दिली. ती भाजीवरून नजर न काढता म्हणाली, “अहो, त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या ना.”

“अगं, पण बघ तरी कसं करून ठेवलंय!”

“तिच्या ठोकळ्यांचंही असंच करायचात. पाणी प्यायला गेली की उचलून ठेवायचात. म्हणून तर ती खाली जायला लागली.”

“खाली कुठे?”

“हिच्या टेबलाखाली. तिथं तिला पसरता यायचं. इथं उभं राहायला जागा आहे, पसरायला नाही, असं म्हणाली होती.”

चमचा पाण्यातच थांबला. भावोजींनी आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टेप उगाच गुंडाळत राहिले. “मला वाटलं,” ते हळूच म्हणाले, “तिला कापडांची आवड आहे.”

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं. इतकी वर्षं या माणसानं मुलीला कापडं आवडतात असं समजून काढली होती. माझ्याकडून चांगल्या चिंध्या तिच्यासाठी मागून घेतल्या होत्या आणि त्या घडी करून कपाटात ठेवल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. मी चेष्टेखोर आहे, दगड नाही.

त्यांनी हात बाहेर काढला. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. टाकीपासून खुर्चीपर्यंत फरशीवर थेंबांची ओळ उमटली. भावोजी खुर्चीत बसून त्या थेंबांकडे बघत राहिले. पुसायला काही उठले नाहीत.

त्यानंतर चमचा टाकीत गेला नाही. पण ते सोपं नव्हतं हो. सकाळी भावोजी टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. एका मोठ्या टेकडीकडे बघून त्यांचा खांदा नुसता फुरफुरायचा. “ती डावीकडची टेकडी तरी...” ते म्हणायचे, आणि ताई म्हणायची, “चहा घ्या.” हळूहळू मासे मोटरमागून बाहेर आले. उकरायला लागले, खायला लागले. मग एक दिवस भावोजी चक्क माझ्या दुकानात आले. उंबऱ्याच्या आत, चिंध्यांवर पाय देत. “मेव्हणीबाई, वर चला. त्या खुंटवाल्याला मिशा फुटल्यात.” बघितलं तर खरंच, सुईत ओवायच्या दोऱ्याच्या टोकाएवढ्या, पांढुरक्या.

भाची आली ती संध्याकाळी. तिकडे राहायचं की इथे, हे अजून ठरायचं होतं. बॅग दारात ठेवून थेट टाकीकडे गेली. मी आणि ताई मागे. भावोजी खुर्चीमागे उभे, खुर्चीची पाठ घट्ट धरून. आत मासे आपल्या कामात होते. इकडे खड्डा, तिकडे ढीग, एका कोपऱ्यात काच उघडी.

भाची बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, हे असं कुणी केलं?”

“त्यांनीच.”

“आणि तुम्ही सारखं नाही केलं?”

“करत होतो,” भावोजी म्हणाले. “मग तुझ्या आईनं सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“ठोकळ्यांचं.”

भाचीनं आईकडे बघितलं. ताईनं मान हलवली. पोरगी दारात गेली, बॅग उचलली आणि हॉलच्या मधोमध आणून ओतली. म्हणजे अक्षरशः ओतली. कपडे, वह्या, चार्जर, कंगवा, एक मोजा टेबलाखाली गेला, दुसरा कुठे गेला कुणास ठाऊक. मग ती त्या सगळ्याच्या मध्ये मांडी घालून बसली आणि वर बापाकडे बघितलं. परीक्षाच होती ती.

भावोजींचा उजवा हात जरासा पुढे आला. आम्ही तिघींनी तो बघितला. मग त्या हातानं खुर्चीचा दांडा धरला, आणि भावोजी हळूहळू खाली जायला लागले. एक गुडघा कडकड वाजला, मग दुसरा. “अहो, अहो!” ताई म्हणाली, पण तोवर ते धप्पकन बसले होते. पोरीच्या शेजारी, एका स्वेटरवर, पाय लांब करून. आपल्याच फरशीवर असं नुसतं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या फरशीवर ते रांगले होते, ओणवे झाले होते, मध्ये एकदा पालथेही पडले होते.

“बाबा! आता उठणार कसे?”

“मला कुठे घाई आहे?” भावोजी म्हणाले. त्यांची नजर टाकीकडे होती. बराच वेळ त्यांनी एका माशाला खड्डा करताना बघितलं. मग म्हणाले, “मात्र उठवायला दोन माणसं लागतात. एक तुझी आई आहे. दुसरं... तूच बघ बाई आता.”

दुसरं माणूस एव्हाना दारात सरकून उभं होतं. आजवर प्रत्येक वेळी त्यांच्या उजव्या काखेत हात घातला होता तो मी. पण भाचीनं वळून माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, “मला त्यात धरू नका बाई. माझा खांदा दुखतोय कालपासून.”

खांदा धडधाकट होता. मी दार लोटून घेतलं आणि खाली शिवायला निघून गेले.